उपाशी गवताचं मैदान: सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्समध्ये एवढं आहे काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी एडिंबराला शिकते, येत्या जूनमध्ये तिच्याकडे जाताय. गोल्फमधला हँडिकॅप, म्हणजे कौशल्याचा आकडा (जितका कमी तितका खेळाडू सरस), 18. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावचा ओल्ड कोर्स, म्हणजे तिथलं गोल्फचं मैदान, टीव्हीवर पाहिलंत तर पिवळट, खडबडीत माळ दिसला. ना झाडी, ना तळी. कुणाला खेळायला मिळेल हे ठरवणाऱ्या चिठ्ठीत नाव निघण्याची वाट बघत तिथे दोन-तीन दिवस घालवावेत, की एखाद्या नव्या, हिरव्यागार रिसॉर्ट कोर्सवर खेळून यावं? आणि लोक त्या माळासाठी इतके वेडे का होतात?

मी गेली 27 वर्षं गोल्फ कोर्सचं गवत सांभाळतो, बहुतेक सगळी वर्षं पुणे आणि आसपास. ओल्ड कोर्सवर दोनदा खेळलो, पण त्याहून जास्त वेळ तिथल्या ग्रीनकीपरांच्या, म्हणजे मैदान राखणाऱ्यांच्या, मागे मागे हिंडलो. म्हणून माझं उत्तर गवतापासून सुरू होईल. तुम्हाला जो पिवळेपणा खटकला, त्यातच त्या जागेचं सगळं मोठेपण आहे.

आधी जमीन समजून घ्या. 'लिंक्स' म्हणजे समुद्रकाठचा कुठलाही कोर्स नव्हे. किनाऱ्याची वाळू आणि आतली कसदार शेतजमीन यांच्या मधला वालुकामय, नापीक पट्टा म्हणजे लिंक्स. हिमयुगानंतर बर्फाचा भार उतरला, स्कॉटलंडची जमीन हळूहळू वर आली, समुद्र मागे हटला आणि जुनी पुळण कोरडी पडली. वाऱ्याने त्यावर वाळूचे ढीग घातले. आपल्याकडे सिंधुदुर्गात पुळणीच्या मागे मर्यादवेल वाळू धरून ठेवते ना, तेच काम तिथे मॅरम नावाचं गवत करतं. वाळू एकदा स्थिरावली की मागून बारीक पानांची गवतं येतात. नांगरायला ती जमीन निरुपयोगी, म्हणून गावाने तिथे मेंढ्या सोडल्या. सशांनी बिळं केली. वाऱ्यापासून आडोसा शोधत मेंढ्या ज्या खळग्यांत बसत, तिथलं गवत झिजून वाळू उघडी पडे. बंकरांचा, म्हणजे कोर्सवरच्या वाळूच्या खड्ड्यांचा, जन्म असा झाला असं मानतात. कागदावर नकाशा काढून कुणी हा कोर्स रचलेला नाही. माणसांनी त्यात पुढे शेकडो वर्षं फेरफार केले, पण उंचसखलपणाचा मूळ साचा वाऱ्याचा आणि पाण्याचा आहे.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट. पुण्यात नवं ग्रीन (चेंडू ज्यात घालवायचा त्या खड्ड्याभोवतीचा, अगदी आखूड गवताचा भाग) बांधायचं म्हणजे आम्ही काळी माती उपसतो, तळाशी निचऱ्याचे पाइप घालतो, त्यावर 10 सेंटिमीटर खडी आणि त्यावर 30 सेंटिमीटर मोजून-मापून चाळलेली वाळू भरतो. अमेरिकेत ठरलेली ही पद्धत आता जगभर चालते. एवढा खटाटोप आणि खर्च कशासाठी? जे सेंट अँड्र्यूजच्या पायाखाली आयतं आहे, त्याची नक्कल करण्यासाठी. तिथे पाऊस वर्षाला साडेसहाशे-सातशे मिलिमीटर, म्हणजे जवळपास पुण्याइतकाच. पण आपला बहुतेक सगळा चार महिन्यांत कोसळतो आणि त्यांचा बारा महिने थोडा थोडा पडतो, पडला की वाळूतून खाली निघून जातो. सकाळी सर येऊन गेली तरी दुपारी चेंडू कडक जमिनीवर टणकन उडतो.

त्या वाळूवर जे गवत शोभतं ते फेस्क्यू. पान सुईसारखं, मुळं खोल, भूक कमी. त्याला खत आणि पाणी जास्त झालं की ते दुबळं होतं आणि 'पोआ' नावाचं मऊ, लुसलुशीत, हिरवंगार गवत त्याची जागा बळकावतं. पोआ दिसायला छान, पण ते पाणी मागतं, रोग ओढवून घेतं आणि जमीन मऊ करतं. म्हणून लिंक्स सांभाळणाऱ्याची खरी कला गवत उपाशी ठेवण्यात असते. मरू द्यायचं नाही आणि माजूही द्यायचं नाही. उन्हाळ्यात ते पिवळं पडलं तर घाबरून पाइप सोडायचा नाही. ओल्ड कोर्सची ग्रीन्सही काही शुद्ध फेस्क्यूची नाहीत, तिथेही बेंट नावाचं दुसरं गवत आणि पोआ आहेतच, ही झुंज दर मोसमात चालते. पण झुंज कुणाच्या बाजूने द्यायची हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

मला ते ठाऊक नव्हतं. तरुणपणी एका क्लबवर (नाव सांगत नाही) सदस्यांना टीव्हीवरच्या अमेरिकन कोर्ससारखा हिरवा रंग हवा होता. मी युरिया वाढवला, पाणी दुप्पट केलं. दोन महिने सगळे खूश. जूनमध्ये पाऊस लागला आणि गवताखाली साचलेल्या मेलेल्या मुळा-काड्यांच्या जाड थराने पाणी स्पंजासारखं धरून ठेवलं. बुरशीने तीन ग्रीन्स गेली. आपली हरळी, म्हणजे आपण गणपतीला वाहतो तीच दूर्वा, मोठी चिवट. जगातल्या उष्ण प्रदेशांतले किती तरी कोर्स तिच्या जिवावर चालतात. तिलाही मी लाडाने आजारी पाडलं होतं. काही वर्षांनी सेंट अँड्र्यूजला एका ज्येष्ठ ग्रीनकीपरने माझ्यासमोर ग्रीनमध्ये नळी खुपसून मातीची कांडी बाहेर काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. वरपासून खालपर्यंत बारीक, कोरडी, स्वच्छ वाळू, तिच्यात पांढरी मुळं. कुजका वास नाही. ती कांडी हातात घेऊन मी बराच वेळ उभा होतो.

ही वाळूची समज तिथे टॉम मॉरिसने रुजवली. 1821 चा जन्म, सेंट अँड्र्यूजचाच. ओपन ही ब्रिटनमधली मोठी गोल्फ स्पर्धा चार वेळा जिंकलेला, आधी प्रेस्टविकच्या कोर्सला आणि 1865 पासून 1903 पर्यंत ओल्ड कोर्सला ग्रीनकीपर. प्रेस्टविकला ढकलगाडीतली वाळू चुकून ग्रीनवर सांडली आणि तिथलं गवत सुधारलेलं त्याच्या नजरेला पडलं, अशी आख्यायिका सांगतात. सांडण्याची गोष्ट खरी असो वा नसो, ग्रीनवर वाळूचा पातळ हात फिरवण्याची जी पद्धत आम्ही आज 'टॉप ड्रेसिंग' म्हणून करतो, ती त्याने रूढ केली. रविवारी कोर्स बंद ठेवण्यामागेही त्याचंच म्हणणं सांगतात: खेळाडूंना नसली तरी मैदानाला सुट्टी हवी. आजही ओल्ड कोर्सवर सहसा रविवारी खेळ नसतो. आणि हिवाळ्यात फेअरवेवरून, म्हणजे टी (पहिला फटका मारायची जागा) आणि ग्रीन यांच्या मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावरून, मारायचं तर हातात छोटी चटई घेऊन फिरावं लागतं, चेंडू तिच्यावर ठेवून मारायचा. जमिनीची एवढी काळजी घेणारं मैदान मी दुसरं पाहिलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळं माळ्याचं कौतुक झालं, खेळणाऱ्याला काय? तर खेळ इथेच बदलतो. आपल्याकडे, विशेषतः पावसाळ्यानंतर, चेंडू उंच मारायचा, तो पडला तिथेच रुतून थांबतो. सगळा खेळ हवेतला. ओल्ड कोर्सवर चेंडू पडतो तिथून त्याची अर्धी गोष्ट सुरू होते. तो उडतो, उतारावरून वळतो, खळग्यात उतरून पुन्हा वर चढतो. ग्रीनपासून 40 यार्डांवर उभं राहून हातात वेज (चेंडू उंच उडवणारी काठी) घेतलात तर कॅडी (पिशवी उचलणारा, सल्ला देणारा सोबती) हळूच पटर (चेंडू जमिनीवरून घरंगळवणारी काठी) पुढे करेल. त्याचं ऐका. तिथला सर्वांत शहाणा शॉट म्हणजे क्रिकेटच्या भाषेत 'सरपटी'. खाली ठेवलेला चेंडू वाऱ्याला सापडत नाही.

टीपासून खड्ड्यापर्यंतचा एक टप्पा म्हणजे होल; अशा 18 होल्सखेरीज वारा हा तिथला एकोणिसावा प्रतिस्पर्धी समजा. कोर्स किनाऱ्यालगत ईडन नदीच्या खाडीपर्यंत जातो, टोकाला आकड्यासारखा वळतो आणि परत गावात येतो. त्या वळणावर सातव्या आणि अकराव्या होलचे फेअरवे एकमेकांना चक्क छेदतात. जाताना वारा पाठीशी असेल तर येताना तोंडावर, आणि भरती-ओहोटीबरोबर तो फिरला तर दोन्ही वेळा तोंडावर. 2015 च्या ओपनमध्ये शनिवारी वारा असा सुटला की अकराव्या ग्रीनवर ठेवलेले चेंडू आपोआप चालू लागले. खेळ थांबवावा लागला आणि स्पर्धा सोमवारी संपली. म्हणूनच तिथली ग्रीन्स अमेरिकन स्पर्धांइतकी गुळगुळीत कापता येत नाहीत. टीव्हीवर ती 'संथ' वाटतात, त्यामागे हा हिशेब असतो.

आता रचना. 18 पैकी 14 होल्स ग्रीनची वाटणी करतात. दुसरं आणि सोळावं एका ग्रीनवर, तिसरं आणि पंधरावं एका, असं करत प्रत्येक जोडीची बेरीज 18. स्वतंत्र ग्रीन फक्त पहिल्या, नवव्या, सतराव्या आणि अठराव्या होलला. पूर्वी त्याच अरुंद वाटेने जायचं आणि त्याच खड्ड्यांवर परत यायचं. गर्दी वाढली तशी ग्रीन्स रुंद करून दोन-दोन खड्डे केले. पाचव्या-तेराव्याचं ग्रीन पाऊण एकराहून मोठं आहे. एवढ्या ग्रीनवर पोचणं सोपं, पण चुकीच्या टोकाला पोचलात तर पुढचा पट, म्हणजे पटरचा फटका, 30 मीटरचा, मध्ये दोन टेकाडं. जगभर गोल्फचा फेरा 18 होल्सचा असतो, त्याचं मूळही इथलं: 1764 मध्ये इथल्या मंडळींनी सुरुवातीची चार होल्स जोडून दोन केली आणि जाऊन-येऊन 22 ची 18 झाली.

बंकर 112. बरेचसे टीवरून दिसतच नाहीत. पहिल्यांदा खेळताना हा अन्याय वाटतो. मधोमध सुंदर शॉट मारावा आणि चेंडू घशाएवढ्या खड्ड्यात सापडावा! पण दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत डोक्यात प्रकाश पडतो. जाताना आणि येताना, दोन्ही वाटा उजवीकडून धोक्याच्या आहेत: जाताना गॉर्सची काटेरी झुडपं, येताना भिंत आणि हद्द. डावीकडे मोकळं माळ. नवखा माणूस घाबरून डावीकडे मारतो, चेंडू सुखरूप राहतो आणि तिथून पाहतो तर ग्रीनच्या आणि आपल्यामध्ये नेमका एक बंकर. उजवीकडे धीर करून मारलेल्याला मात्र दार उघडं.

सतरावं होल, 'रोड होल', याचा कळस. पार 4 (म्हणजे चांगल्या खेळाडूकडून चार फटके अपेक्षित), स्पर्धेच्या टीवरून 495 यार्ड. टीवरून समोर फेअरवे दिसत नाही, हॉटेलच्या आवारातल्या शेड दिसतात. एकेकाळी तिथे रेल्वेच्या शेड होत्या, स्टेशन बंद झालं, हॉटेल आलं, पण शेडवरून मारण्याची परंपरा टिकली. जितकं उजवीकडे, इमारतीला चिकटून माराल, तितका दुसरा शॉट सोपा, कारण ग्रीन तिरकं आहे आणि उजवीकडून ते लांबीने समोर येतं. डावीकडून आलात तर ते अंगठ्याएवढं अरुंद. अलीकडे रोड बंकर, पलीकडे डांबरी रस्ता आणि त्यामागे दगडी भिंत. रस्ता आणि भिंत दोन्ही खेळात धरतात, चेंडू तिथे गेला तर तिथूनच मारायचा. 1978 च्या ओपनमध्ये जपानचा टॉमी नाकाजिमा इथे दोन फटक्यांत ग्रीनवर होता. पट मारला, तो उतारावरून घरंगळत रोड बंकरमध्ये गेला, आणि होल संपेपर्यंत 9 झाले. पाण्याचा एक थेंब नाही, झाड नाही. ग्रीनचा एक उतार आणि एक खड्डा, बस. याउलट 2000 साली इथल्या ओपनमध्ये टायगर वूड्स चारही दिवस एकाही बंकरमध्ये गेला नाही आणि 8 फटक्यांनी जिंकला. त्या आठवड्यात त्याची ताकद सगळ्यांनी पाहिली. मी मात्र कुठे मारायचं नाही याचा त्याने केलेला अभ्यास पाहत होतो.

पहिल्या भेटीत ही जागा आवडली नाही तर मनाला लावून घेऊ नका. अमेरिकन खेळाडू बॉबी जोन्स 19 वर्षांचा असताना, 1921 च्या ओपनमध्ये, अकराव्या होलच्या बंकरमध्ये अडकला आणि वैतागून स्पर्धा सोडून दिली. तोच 1927 मध्ये इथे ओपन जिंकला, 1930 मध्ये इथेच ब्रिटिश अमॅच्युअर जिंकून त्या वर्षीच्या ग्रँड स्लॅमची (एकाच वर्षात चारही मोठ्या स्पर्धा जिंकण्याची) सुरुवात केली आणि 1958 मध्ये गावाने त्याला मानद नागरिकत्व दिलं. त्याच्याआधी हा मान मिळालेला अमेरिकन एकच, बेंजामिन फ्रँकलिन. जोन्सने पुढे कोर्स आखणाऱ्या डॉ. ॲलिस्टर मॅकेंझीला सोबत घेऊन अमेरिकेत ऑगस्टाचा कोर्स बांधला. मॅकेंझीने 1924 मध्ये ओल्ड कोर्सचा तपशीलवार नकाशा काढला होता. तुम्हाला टीव्हीवर आवडणाऱ्या त्या हिरव्यागार ऑगस्टाच्या रुंद फेअरवेंच्या आणि ग्रीनवरच्या उंचवट्यांच्या मागे हा पिवळा माळच आहे.

आणि हा माळ कुणाच्या मालकीचा, हे तर मला सर्वांत मोलाचं वाटतं. आपल्याकडे गोल्फ म्हटलं की भिंत, फाटक, सदस्यत्व. सेंट अँड्र्यूजचा कोर्स म्हणजे गावाचं गायरान. 1552 मध्ये आर्चबिशप हॅमिल्टनने सनदेत लिहून दिलं की इथे सशांची पैदास करण्याचा हक्क माझा, पण गोल्फ आणि इतर खेळ खेळण्याचा हक्क गावकऱ्यांचा. 1797 मध्ये गावाची तिजोरी रिकामी झाली आणि ही जमीन विकली गेली. पुढे ती ससे पाळणाऱ्या व्यापाऱ्यांच्या हाती गेली. ससे मारायचे की गोल्फ थांबवायचा यावरून गावात कित्येक वर्षं भांडणं आणि कोर्टकचेऱ्या चालल्या. 1821 मध्ये शेजारच्या जमीनदाराने ती घेऊन गोल्फ वाचवला, आणि 1894 मध्ये ती पुन्हा गावाकडे आली. आज 1974 च्या कायद्याने बनलेला ट्रस्ट सगळं बघतो. पहिल्या टीमागे दिसणारी ती भव्य दगडी इमारत रॉयल अँड एन्शंट या गोल्फ क्लबची, पण कोर्स त्यांचा नाही. पहिल्या आणि अठराव्या फेअरवेवरून गावाचा एक रस्ता आडवा जातो. लोक समुद्रावर फिरायला जातात, खेळणारा थांबतो, लोक गेले की मारतो. स्विल्कन ओढ्यावरचा तो प्रसिद्ध दगडी पूल मुळात मेंढ्या पलीकडे नेण्यासाठी होता.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर: रिसॉर्ट सोडा, सेंट अँड्र्यूजला जा. आणि थोडी तयारी करून जा.

चिठ्ठीसाठी किमान दोन खेळाडू लागतात. खेळायच्या दिवसाच्या दोन दिवस आधी दुपारपर्यंत नाव द्यायचं, निकाल त्याच दिवशी कळतो. हँडिकॅपचा दाखला जवळ ठेवा. कोर्सवर फिरायला गाडी मिळत नाही, चालतच खेळायचं. कॅडी मिळाला तर पैशाकडे पाहू नका. नाव निघालं नाही तर रडत बसू नका. शेजारचा न्यू कोर्स 1895 चा, टॉम मॉरिसनेच आखलेला. त्याच वाळूवर, त्याच वाऱ्यात आहे, आणि जागा मिळणं बरंच सोपं. 18 हँडिकॅपच्या माणसाला मी तर आधी न्यू कोर्सवर एक फेरी मारायला सांगेन, म्हणजे चेंडू जमिनीवर कसा पळतो याचा अंदाज येतो. जाण्याआधी इथे पुण्यात महिनाभर ग्रीनबाहेरून पटर आणि सात नंबरचं आयर्न (धातूच्या टोकाची काठी) घेऊन सरपटी चेंडू मारायचा सराव करा. आपले कोर्स मे महिन्यात कडक असतात, तोच सरावाचा योग्य काळ.

शनिवारी रात्री सेंट अँड्र्यूजलाच मुक्काम करा. एडिंबराहून रेल्वेने लूकर्स स्टेशन, तिथून बसने काही मिनिटं. रविवारी मुलीला आणि घरच्यांना घेऊन सरळ ओल्ड कोर्सवर जा. तिकीट नाही, फाटक नाही. कुत्री पळत असतात, पोरं पुलावर फोटो काढतात. सतराव्या टीपाशी उभे राहा, मग चालत उजवीकडच्या कडेने पुढे या आणि तिथून ग्रीनकडे बघा. नंतर डाव्या कडेला जाऊन पुन्हा बघा. मी वर इतकं लिहून जे सांगितलं ते दोन मिनिटांत दिसेल. रोड बंकरच्या कडेला उभं राहून आत डोकावा, उतरू मात्र नका, कडा ढासळतात. अठराव्या ग्रीनपुढचा खोलगट भाग, 'व्हॅली ऑफ सिन', तळहाताने चाचपून बघा; गवत बारीक, कोरडं आणि आखूड लागेल.

घरच्यांपैकी कुणी गोल्फ खेळत नसेल तर कोर्सला लागूनच एक पटिंगचं मैदान आहे, महिलांच्या पटिंग क्लबचं. तो क्लब 1867 चा. मैदान टेकाडं आणि दऱ्यांनी भरलेलं, म्हणून त्याला नाव पडलंय 'हिमालय'. थोड्या पैशांत पटर आणि चेंडू मिळतो, कुणीही खेळू शकतं. आम्ही गेलो तेव्हा माझ्या पत्नीने, जिने आयुष्यात कधी पटर धरला नव्हता, तिथे मला दोन फटक्यांनी हरवलं आणि अंधार पडेपर्यंत हलायला तयार नव्हती. जूनमध्ये तिथे रात्री दहापर्यंत उजेड असतो, तेव्हा जेवण आधी उरकून घ्या.